गच्चीवर आखलेलं घर

सरांनी कोकणात घेतलेला फ्लॅट मी पहिल्यांदा पाहिला तो कोथरूडमध्ये, त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर. रविवारी सकाळी नऊ वाजता फ्लॅट बघायला या, असा फोन आला होता. वर गेले तर सर गुडघ्यांवर बसून खडूने रेघ ओढत होते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाण्याच्या टाकीकडे बघत होत्या. मी सरळ काकूंकडे निघाले. सर मान वर न करता म्हणाले, "मॅडम, आपण भिंतीतून येताय. दार तिकडे आहे."

दार म्हणजे रेघेत मोकळी सोडलेली तीन फुटांची जागा. मी मागे फिरले, चपला त्या जागेबाहेर काढल्या आणि रीतसर आत आले. मग मला घर दाखवण्यात आलं. हॉल, डाव्या हाताला ओटा, उजव्या हाताला बेडरूम, बेडरूमच्या कोपऱ्यात कपाट, आणि समोर काकू बसल्या होत्या ती बाल्कनी. सगळं एकास एक मापाचं. टाकीच्या जागी समुद्र होता. तो किती लांब आहे असं मी विचारलं, तर सर म्हणाले की माहितीपत्रकात चालत दोन मिनिटं असं लिहिलंय, पण कोणी चालायचं ते लिहिलेलं नाही.

त्या दिवशी चहा आम्ही बाल्कनीत घेतला. तिघं मावत नव्हतो. सरांनी ते वहीत टिपून ठेवलं.

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. पिंपरीकडच्या एका कारखान्यात आमचं डिझाइन खातं होतं. गाड्यांचे ब्रॅकेट म्हणजे भाग धरून ठेवणारे कंस, पट्ट्या, असले कोणाच्या लक्षातही न येणारे भाग आम्ही काढायचो. सर तपासनीस होते. कोणाचंही ड्रॉइंग त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय कारखान्यात उतरत नसे. मी लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि खात्यात एकटीच मुलगी. पहिल्या दिवशी त्यांनी मला "मॅडम, आपण" म्हटलं तेव्हा मला वाटलं, टोमणा असावा. नंतर कळलं की ते सगळ्यांनाच आपण म्हणतात. चहा आणणाऱ्या मावशींना म्हणायचे, साहेबांना म्हणायचे. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर झोपणाऱ्या कुत्र्यालाही रोज संध्याकाळी "आपण जरा उतरता का" असं विचारायचे आणि ते उतरेपर्यंत उभे राहायचे. बायकोलाही ते अहो म्हणत आणि ती त्यांना अहो म्हणे. त्यामुळे त्यांच्या घरात एकदा अहो अशी हाक आली की दोन्ही खोल्यांमधून ओ यायची.

खिशात सहा इंचांची पोलादी पट्टी असायची. शर्ट बदलला तरी पट्टी आधी जायची. बोलण्यात कोणी 'खूप', 'फार', 'एवढं मोठं' असा शब्द वापरला की ते शांतपणे विचारायचे, "मोजलंत का?" हा प्रश्न आमच्या खात्यात इतका मुरला होता की माझ्या मुलाला ताप आला तेव्हा फोनवर मी नवऱ्यालाही तेच विचारलं. अर्थात त्या बाबतीत तो प्रश्न बरोबरच होता.

माझ्या लग्नात सर आले, आहेर दिला, आणि जाताना माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले की स्टेजची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे, उतरताना जपा. नवऱ्याला हा काय प्रकार आहे ते कळेना. तासाभराने सासूबाई त्याच पायरीवर अडखळल्या. तेव्हापासून आमच्या घरात सरांना फार मान आहे.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. निवृत्तीनंतर दोन-अडीच महिन्यांनी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पेपर हातात घेतात आणि तासभर तेच पान धरून बसतात. बोलत नाहीत. सगळ्या तपासण्या करून झाल्या, सगळं उत्तम आहे. मी भेटायला गेले. सर उठून बसले, आपण कशा आहात असं विचारलं आणि पुढे काही बोलले नाहीत. मी जाताना म्हटलं, काकू खूप काळजी करतायत. 'खूप' ऐकूनही ते गप्प राहिले. तेव्हा मला भीती वाटली.

कोकणातल्या फ्लॅटचं काकूंच्या मनात आधीपासून होतं. त्या बार्शीकडच्या. लहानपण टँकरच्या रांगेत गेलेलं. समुद्र त्यांनी जन्मात दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून लगबगीने निघावं लागलं होतं. सकाळी उठल्यावर घरातून पाणी दिसलं पाहिजे, एवढंच एक त्यांनी लग्नानंतर मागितलं होतं आणि तेही पस्तीस वर्षं थांबून. पुण्यात सुट्टीतल्या घरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे त्या सरांना जवळजवळ ओढत घेऊन गेल्या. दापोलीच्या पुढे एका गावात समुद्रापाशी तीन मजली इमारत होत होती. पंधरा दिवसांनी बिल्डरच्या पुण्यातल्या ऑफिसात जाऊन तीनशे चार नंबर पक्का केला. त्या संध्याकाळी सरांनी माहितीपत्रक उघडलं, आतला नकाशा बराच वेळ बघितला आणि विचारलं, "अहो, माझा ड्रॉइंगबोर्ड कुठे ठेवलाय?"

हे मला सांगताना फोनवर काकूंचा आवाज फुटला. मीही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डोळे पुसले, ते सांगायला आता हरकत नाही.

त्यानंतरची तीन वर्षं सरांनी तो फ्लॅट सजवला. पुण्यात बसून. बांधकाम तिकडे चालू होतं, सजावट इकडे. पहिल्या पावसात गच्चीवरचा खडू धुऊन गेला, तेव्हा त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने घर पुन्हा आखलं. सोसायटीच्या सचिवांनी लेखी हरकत घेतली की सामाईक गच्चीवर सभासदाने खाजगी सदनिका काढू नये. सरांनी लेखी उत्तर दिलं की सदनिकेला उंची नसल्यामुळे ती बांधकामात मोडत नाही, आणि सोबत ड्रॉइंग जोडलं. पुढे मागच्या इमारतीतल्या बायका तिथे पापड वाळत घालू लागल्या. सरांची त्याला ना नव्हती. फक्त बेडरूममध्ये घालू नका, हॉलमध्ये घाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि आश्चर्य म्हणजे बायका ते पाळायच्या.

खारी हवा लोखंड खाते हे त्यांनी कुठेतरी वाचलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या अकरा बरण्या आल्या. प्रत्येकीत मिठाचं पाणी आणि त्यात वेगवेगळ्या जातीचे स्क्रू, बिजागऱ्या, कड्या. वर तारखेची चिठ्ठी. शेजारच्या वहिनींनी कौतुकाने विचारलं, कसलं घातलंय लोणचं? सर म्हणाले, "पितळेचं. मुरायला अजून चार महिने आहेत." काकूंची कैरी त्या वर्षी माझ्याकडे मुरली, कारण त्यांच्याकडे बरणी उरली नव्हती.

त्यांच्या घरी गेलेल्या कोणाचीही सुटका नसे. खुर्चीवर बसलं की सर पट्टी घेऊन जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर घ्यायचे. टपालवाल्याचं घेतलं, माझ्या सासऱ्यांचं घेतलं, मतदार यादी तपासायला आलेल्या शिक्षिकाबाईंचंही घेतलं. मी विचारलं, एवढी माणसं कोकणात येणार आहेत का? ते म्हणाले, कोण येईल सांगता येत नाही, म्हणून सरासरी काढतोय. काकूंच्या कोपराची उंची मात्र त्यांनी वेगळ्या पानावर लिहिली होती. ओटा त्याच मापाचा होणार होता. पुण्यातला ओटा काकूंना सदतीस वर्षं दोन इंच उंच पडत होता. हे सरांना आत्ता समजलं, आणि समजल्यावर त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सामान करायला चाचा होते. टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. आमच्या कारखान्याचे लाकडी साचे तिथेच व्हायचे, त्यामुळे सरांची ओळख जुनी. दोघंही सत्तरीकडे झुकलेले, दोघंही कमी बोलणारे. सर ड्रॉइंग पुढे ठेवायचे, चाचा चष्मा लावून ते बघायचे आणि एखाद्या ठिकाणी बोट ठेवायचे. सर तिथे लाल पेन्सिलीने खूण करायचे. अर्ध्या तासात दोघांमध्ये चार शब्द व्हायचे आणि त्यातले दोन चहाबद्दल असायचे. सगळं सामान सुटं होणार होतं, म्हणजे इथे बनवून, भाग मोकळे करून, टेंपोने नेऊन तिथे जोडायचं. कपाट, कोपऱ्यातला सोफा, ओट्याखालची आणि वरची फळ्यांची कपाटं, पलंग, टेबल. प्रत्येक भागाला नंबर.

या सगळ्यात फ्लॅट प्रत्यक्ष बघायला मात्र सर गेले नाहीत. काकू दर दोन महिन्यांनी म्हणायच्या, एकदा बघून येऊ या ना. सरांना घाटात गाडी लागते हे खरं होतं, पण ते एकच कारण नव्हतं. बांधकाम चालू असताना जाण्यात अर्थ नाही, असं ते सुरुवातीला म्हणायचे. बांधकाम झालं, किल्ल्या पुण्यातच मिळाल्या, तेव्हा म्हणाले की रिकामं घर काय बघायचं. बिल्डरने मोबाइलवर फोटो पाठवले होते, ते त्यांनी उघडलेसुद्धा नाहीत. फोटोत माप नसतं, हे त्यांचं मत. "ड्रॉइंग समोर आहे की," असं म्हणून ते गच्चीकडे बोट दाखवायचे.

मला त्यांचा राग यायचा. काकू टाकीकडे तोंड करून बसायच्या आणि त्यांचा खरा समुद्र किल्ली असून कुलपात होता. एकदा मी सरांना तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, घर काकूंनी मागितलं होतं, तुम्ही त्याचं काम करून टाकलंत. सर पेन्सिलीला टोक काढत होते. ते काढून झाल्यावर म्हणाले, "काम झाल्यावर जायचंच आहे, मॅडम." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, काम संपल्यावर काय करायचं ते मात्र अजून आखलेलं नाही, असं म्हणाले. 

शेवटी मागच्या जानेवारीत सामान तयार झालं आणि शनिवारचा टेंपो ठरला. मंगळवारी काकूंनी जाहीर केलं की त्या पुढे जाणार, एकट्या, उद्याच्या सकाळच्या एसटीने. घर झाडून ठेवते, देवापुढे दिवा लावते, म्हणाल्या. सरांना ते पटलं नाही, तरी त्यांनी काकूंना नळ, खिडक्या, दारं यांची तपासायची यादी दिली. काकू एक पिशवी, एक चटई आणि दशम्यांचा डबा घेऊन स्वारगेटहून गेल्या.

गुरुवारी सकाळी मी रजा काढून सरांकडे गेले होते. सामानाच्या भागांच्या नंबरांची यादी ताडून बघायची होती. दहाच्या सुमाराला काकूंचा फोन आला. सर मोबाइल कानाला लावत नाहीत, टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. काकू म्हणाल्या की काल संध्याकाळी पोचले, घर छान आहे, समुद्र दिसतो. मग जरा थांबून म्हणाल्या, "अहो, पण बेडरूम डाव्या हाताला आहे."

"आपण तोंड कुठे करून उभ्या आहात?"

"दाराकडे पाठ करून."

"कुठल्या दाराकडे?"

"घराला एकच दार आहे."

सरांनी त्यांना उजवा हात वर करायला सांगितला. काकूंनी केला. त्या हाताला काय आहे, असं विचारलं. ओटा आहे, काकू म्हणाल्या. मग तो आपला डावा हात असेल, असं सर म्हणाले.

"अहो, मी जेवते त्या हाताने," काकू म्हणाल्या.

मी मागून हळूच म्हटलं, सर, नकाशा काढू या का? तशी काकू घाईघाईने म्हणाल्या की गॅसवर दूध ठेवलंय, नंतर करते फोन, आणि फोन बंद झाला.

सर उठले. कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं ते माहितीपत्रक काढलं, भिंग घेतलं आणि नकाशावर धरलं. बराच वेळ त्यांनी भिंग हलवलंच नाही. मग माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवून खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की नकाशा विषम क्रमांकाच्या सदनिकांचा आहे, सम क्रमांकाच्या सदनिका याच्या उलट, आरशातल्याप्रमाणे. सरांचा फ्लॅट तीनशे चार.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग केलं होतं. गाडीला तो डावीकडे एक आणि उजवीकडे एक लागायचा. ड्रॉइंग डाव्याचंच काढायचं आणि कोपऱ्यात लिहायचं की उजवा याच्या उलट. मी ते लिहायला विसरले आणि नेमके सर त्या आठवड्यात रजेवर होते. कारखान्यातून ढीगभर ब्रॅकेट आले, सगळे डावे. सर परत आल्यावर मला एक शब्दही लावून बोलले नाहीत. त्यातला एक ब्रॅकेट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपरा वाचायचा, चित्र नंतर. खात्यात नव्या आलेल्या प्रत्येकाला ते हे सांगायचे. आता मी सांगते. आणि स्वतःच्या घराचा नकाशा हातात आल्यावर या माणसाने आधी चित्र बघितलं. तीन महिने भिंत बघितलेल्या माणसाने चित्र बघितलं, यात मला तरी काही चूक वाटत नाही, पण तेव्हा हे त्यांना कोण सांगणार?

तेव्हा मी फक्त नको तिथे बसले होते. ते लाल झाले नाहीत की रागावले नाहीत. एकदम म्हातारे दिसायला लागले, एवढंच. मला वाटलं, आता हे पुन्हा जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपणार आणि या वेळी उठणार नाहीत. मी पाणी आणून दिलं. ते पाणी पिऊन त्यांनी शर्ट बदलला, पट्टी खिशात घातली आणि म्हणाले, "चला. चाचांना सांगायला हवं."

रिक्षात त्यांनी मला शांतपणे समजावलं की पलंग, टेबल, खुर्च्या यांना डावं-उजवं नसतं, ते जातील. कपाट, सोफा आणि ओट्याची कपाटं वाया गेली. चाचांचं आठ महिन्यांचं काम. सरांना आता टेंपो रद्द करायचा होता आणि माफी मागायची होती. माफी हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

दुकानात सामान भिंतीला लावून ओळीने ठेवलेलं होतं. सरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, माझी चूक झाली, घर उलटं आहे. चाचांनी हातातला रंधा खाली ठेवला. त्यांना काही विशेष वाटल्यासारखं दिसलं नाही. म्हणाले, "फिरवून देतो, साहेब. संध्याकाळपर्यंत होईल."

सर म्हणाले, संध्याकाळपर्यंत कसं होईल? दारं दुसऱ्या बाजूला न्यायची, सोफ्याचा हात काढायचा, सगळी भोकं नव्याने पाडायची. चाचा माझ्याकडे बघायला लागले. सरांनी चष्मा काढला, वाकून कपाटाच्या दुसऱ्या बाजूच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. मग खाली, मग आणखी खाली. जिथे बिजागरी नव्हती तिथेही तिच्या मापाची भोकं पाडलेली होती आणि पुट्टी भरून, वर पॉलिश करून, बुजवलेली होती.

"ही माझ्या ड्रॉइंगमध्ये नाहीत," सर म्हणाले.

"नाहीत, साहेब."

"मग?"

चाचांनी मानेवरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "भाभी आल्या होत्या. पहिली फळी कापायच्या आधीच. बोलल्या, चाचा, असं बनवा की डावं-उजवं कसंही लागलं पाहिजे, आणि साहेबांना बोलू नका. मी बोललो, भाभी, मी साहेबांचा माणूस आहे. त्या बोलल्या, मी पण."

सर सोफ्यापाशी गेले. तिथेही तेच होतं. ओट्याच्या कपाटांपाशी गेले. एकूण एक भोकावरून त्यांनी बोट फिरवलं, जसं ते आमची ड्रॉइंगं तपासताना प्रत्येक मापावर पेन्सिल टेकवायचे. शेवटचं झाल्यावर कंबर सरळ केली, चष्मा लावला आणि चाचांना म्हणाले, "सफाई चांगली आहे." टेंपो शनिवारचाच राहू दे, असंही म्हणाले.

परत येताना कर्वे रस्ता लागला. तिथे सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "मॅडम, हे त्यांना सांगू नका."

मी विचारलं, काय सांगू नको?

"मला कळलंय, ते."

शनिवारी आवळासुपारी तोंडात धरून ते टेंपोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि गेले. घाटात दोनदा गाडी थांबवावी लागली, हे मला ड्रायव्हरकडून कळलं. सामान सगळं बसलं.

मी गेले ती मेमध्ये, मुलाची परीक्षा संपल्यावर. आता ते दोघं तिथेच असतात, पुण्याला महिन्यातून एकदा येतात. घर अगदी गच्चीवरच्यासारखं होतं, फक्त आरशातून बघितल्यासारखं, त्यामुळे मी दोनदा बेडरूम समजून ओट्याकडे गेले. खुर्च्या माझ्या गुडघ्याला बरोबर बसत होत्या. ओट्यापाशी काकू खांदे न उचलता कणीक मळत होत्या. सर घरात नव्हते. काकू म्हणाल्या, ते रोज या वेळी खाली वाळूत काठ्या रोवतात, पाणी कुठपर्यंत येतं ते मोजायला. काठ्या भरतीत वाहून जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा रोवतात. गावातली दोन-तीन रिकामटेकडी माणसंही आता त्यांच्याबरोबर जातात आणि संध्याकाळी वाद घालतात.

आम्ही बाल्कनीत बसलो. दुपारचं ऊन पाण्यावर होतं आणि काकू त्याच्याकडे बघत बोलत होत्या. बिल्डरच्या ऑफिसात सर कारकुनाशी नकाशाच्या प्रमाणावरून हुज्जत घालत होते, तेव्हा तिथल्या मुलीने काकूंना सहज सांगितलं होतं की आजी, तुमचं घर या चित्राच्या उलट हं. काकूंना वाटलं, यांना ते ठाऊक असणारच, यांचा तर तोच धंदा. गच्चीवर दुसऱ्या रविवारी त्यांच्या लक्षात आलं की आखलेलं घर उलट नाही, चित्राप्रमाणेच आहे. तेव्हा सर खडू हातात घेऊन गुडघ्यांवर होते आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच शीळ वाजवत होते.

"पुढच्या रविवारी सांगू म्हटलं," काकू म्हणाल्या. "मग त्याच्या पुढच्या. स्वतः बघून आले तर बरं, म्हणून मागे लागत राहिले, पण हे येईनात. मग चाचांकडे गेले."

मी विचारलं, मग शेवटी त्या एकट्या पुढे का आल्या?

"शनिवारी टेंपोतून उतरून दार उघडलं असतं आणि चार हमालांसमोर कळलं असतं त्यांना. चाचांसमोर. म्हटलं, फोनवर कळू दे. घरात एकटे असतील, कोणी बघायला नसेल. तू तिथे आहेस हे मला काय माहीत? तुझा आवाज आला मागून. काहीतरी सांगून फोन ठेवून दिला."

दुधाचं तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या घरात गॅस त्या दिवशी आलेलाच नव्हता.

खाली वाळूत सर दिसत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात काठ्यांची मोळी, आणि बाजूला दोन माणसं हातवारे करत होती. सरांनी एक काठी रोवली, चार पावलं मागे येऊन ती सरळ आहे का ते बघितलं, आणि मान हलवून पुन्हा उपटली.

काकूंनी त्यांच्यावरची नजर न काढता विचारलं, "यांना कळलं नसेल ना गं? मला आधीपासून माहीत होतं, ते?"

मी अकरा वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काम केलं. जे चुकीचं आहे हे मला माहीत आहे, अशा कागदावर मी त्या अकरा वर्षांत एकदाही सही केली नाही.

"नाही, काकू," मी म्हणाले. "त्यांना यातलं काही माहीत नाही."